फोनच्या पडद्यामागचा निरोप्या

मेट्रोचे तिकीट, सोसायटीचे गेट, बँकेचा ओटीपी... एकाच फोनमधली वेगवेगळी ॲप्स एकमेकांशी बोलतात ती कुणाच्या मध्यस्थीने? आणि त्या मध्यस्थाला डावलून कुणी आत शिरले तर?

रविवारची सकाळ. दिल्लीतल्या मयूर विहारमधले एक मराठी कुटुंब आयएनएजवळच्या दिल्ली हाटला निघाले आहे. पिंक लाइनची मेट्रो थेट जाते, त्यामुळे आज गाडी काढायची नाही असे ठरले आहे. पुण्याहून महिनाभरासाठी आलेल्या सासूबाई मात्र जिन्याच्या पहिल्याच पायरीवर थांबल्या आहेत. सून त्यांच्या फोनमध्ये तिकिटाचे ॲप टाकून देत आहे. मोबाइल नंबर लिहिला, फोन किंचित थरथरला आणि सहा आकडी ओटीपी रकान्यात आपोआप उमटला. मेसेज कुणी उघडला नव्हता, वाचलाही नव्हता.

"अगं, हे आकडे कुणी भरले?"

"फोननंच भरले, आई."

"म्हणजे माझे मेसेज हे तिकीटवाले वाचतात?"

सुनेला उत्तर सुचले नाही. मेट्रो चुकेल म्हणून विषय तिथेच राहिला.

सासूबाईंचा प्रश्न साधा आहे, पण भाबडा मुळीच नाही. ज्या घरातले बँकेचे खाते, विजेचे बिल, मुलांची फी आणि औषधाच्या चिठ्ठ्या एकाच फोनमध्ये येऊन बसल्या आहेत, त्या घरात हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जायला हवा. नवलाची गोष्ट अशी की तो बहुधा घरातले वडीलधारेच विचारतात. तरुण मंडळींना आकडे आपोआप भरले जाण्याची इतकी सवय झालेली असते की त्यामागे कुणीतरी ने-आण करत असेल हे त्यांच्या मनातही येत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकारे देता येते. ॲप नीट बनवलेले असेल तर तिकीटवाल्यांनी तो मेसेज वाचलेला नसतो. फोनमधल्या एका निरोप्याने तेवढा एकच मेसेज पाहून योग्य दारी पोहोचवलेला असतो. परंतु ॲपला जर सगळे मेसेज वाचण्याची परवानगी दिली असेल, तर हो, ते सारे काही वाचते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते. हा फरक कळला नाही म्हणून दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या कितीतरी घरांनी वर्षानुवर्षांची बचत गमावली आहे.

प्रत्येकाचे बिऱ्हाड वेगळे

आपल्याला वाटते, फोन म्हणजे एक मोठी खोली आणि तिच्यात सगळी ॲप्स मांडी घालून गप्पा मारत बसली आहेत. वस्तुस्थिती उलट आहे. जुन्या वाड्यात ओसरी सगळ्यांची असायची, शेजारच्या काकू न विचारता स्वयंपाकघरापर्यंत यायच्या. अँड्रॉइड फोन तसा नाही. तो नोएडातल्या एखाद्या वीस मजली सोसायटीसारखा आहे. प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र कुलूप, आणि समोरच्या दारी काय शिजते याचा याला पत्ता नाही.

अँड्रॉइडचा पाया लिनक्स या संगणक प्रणालीवर रचलेला आहे. या परंपरेत एकाच संगणकावर अनेक माणसे काम करत आणि एकाचे कागद दुसऱ्याला दिसू नयेत म्हणून प्रत्येकाला वेगळा क्रमांक दिला जाई. अँड्रॉइडच्या कर्त्यांनी ही युक्ती उचलली, फक्त माणसांऐवजी ॲप्सना क्रमांक दिले. ॲप फोनमध्ये टाकताक्षणी त्याला दहा हजारांच्या पुढचा एक क्रमांक मिळतो. बँकेच्या ॲपने लिहून ठेवलेली माहिती त्या क्रमांकाच्या कपाटात बंद होते. पत्त्यांचा खेळ असो की पाककृतींचे ॲप, त्या कपाटाला त्यांना हात लावता येत नाही.

पण फ्लॅट कितीही बंद ठेवले तरी सोसायटी चालायला बोलणे तर हवेच. तिकिटाच्या ॲपला पैसे देणाऱ्या ॲपशी बोलायचे असते, टॅक्सीच्या ॲपला नकाशाशी. त्यासाठी सोसायटीत इंटरकॉम असतो, तसा फोनमध्येही आहे. त्याला बाइंडर म्हणतात. बी आणि पाम या अमेरिकी कंपन्यांमध्ये झालेल्या कामात त्याचे मूळ आहे, आणि २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला तेव्हापासून तो प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे. त्याची खुबी अशी की निरोप कुठल्या क्रमांकाच्या ॲपकडून आला हे तो स्वतः नोंदवतो. "मी बँकेकडून बोलतोय" अशी थाप रस्त्यावरचा भामटा फोनवर मारू शकतो, पण ॲपला इंटरकॉमवर तशी थाप मारता येत नाही.

आता या इंटरकॉमच्या दुसऱ्या टोकाला कोण असते? बऱ्याचदा तिथे असते एक सेवा, म्हणजे सर्व्हिस. तिला पडदा नसतो, बटणे नसतात. एखाद्या सोसायटीच्या तळघरातले कार्यालय असावे तशी ती मागे बसून काम करते. एक ॲप ही सेवा चालवते आणि दुसरी ॲप्स तिच्याशी जोडून घेतात. जोवर एक तरी ॲप जोडलेले आहे तोवर सेवा जागी राहते. शेवटचे ॲप सुटले की फोन तिला बंद करतो, शेवटचा पाहुणा गेल्यावर ओसरीवरचा दिवा मालवावा तसा.

या कार्यालयात कुणाला येऊ द्यायचे हे सेवा बनवणारा ठरवतो. दार सगळ्यांना उघडे ठेवता येते. ठरावीक परवानगी असलेल्यांनाच आत घेता येते. किंवा मग सर्वांत कडक नियम लावता येतो, की ज्या ॲपवर आपल्याच कंपनीची डिजिटल मोहोर आहे त्यालाच प्रवेश. एकाच कंपनीच्या दोन-तीन ॲप्सपैकी एकात प्रवेश केला की बाकीची न विचारता उघडतात, ती पुष्कळदा या मोहरेमुळे. पूर्वी निष्काळजी प्रोग्रामर हे दार चुकून सताड उघडे ठेवत. २०२१ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १२ पासून बाहेरच्यांना बोलावता येईल अशा प्रत्येक दारावर ते उघडे की बंद हे स्पष्ट लिहून देण्याची सक्ती झाली.

शेवटची अकरा अक्षरे

आता सासूबाईंच्या ओटीपीकडे वळू. कधी मेसेज उघडून नीट पाहिलेत, तर काही ओटीपींच्या शेवटी इंग्रजी अक्षरे आणि आकडे यांची एक विचित्र माळ दिसेल. छपाईची चूक वाटावी अशी. ती मोजली तर अकरा अक्षरे भरतात. ही चूक नव्हे, तो पत्ता आहे.

ॲपचे नाव आणि ते बनवणाऱ्याची मोहोर यांच्यापासून गणिताने ही अकरा अक्षरे तयार होतात. प्रत्येक ॲपची माळ निराळी. ओटीपी मागवताना तिकिटाचे ॲप फोनमधल्या गूगल प्ले सर्व्हिसेस या सेवेला सांगून ठेवते, "माझ्या नावाचे पत्र येईल, आले की दे." ही सेवा अँड्रॉइड फोनमध्ये पडद्यामागे सतत चालू असते, आणि असंख्य ॲप्स तिच्याशी जोडलेली असतात. ती पाच मिनिटे वाट पाहते. आलेल्या मेसेजच्या शेवटी ती अकरा अक्षरे जुळली तर तेवढा एक मेसेज त्या ॲपच्या हाती देते. बँकेचा, मुलाच्या शाळेचा, मैत्रिणीचा मेसेज त्याच वेळी आला तरी तिकिटाच्या ॲपला त्याची गंधवार्ता लागत नाही. २०१७ मध्ये ही सोय आली. काही ॲप्स याऐवजी खालून एक छोटी पाटी वर आणतात आणि हा मेसेज वाचू का असे विचारतात. तिथेही परवानगी त्या एकाच मेसेजपुरती असते. आयफोनमध्ये ओटीपीचे आकडे कळफलकाच्या वर दिसतात आणि आपण बोट लावल्यावरच ते रकान्यात जातात. ते आकडे वाचणारी असते फोनची प्रणाली, ॲपला मेसेजची पेटी दिसत नाही.

थोडक्यात, टपालवाल्याने आपल्या नावाचे एक पाकीट आणून द्यावे तसा हा मामला आहे. त्याउलट मेसेज वाचण्याची सरसकट परवानगी म्हणजे टपालपेटीची किल्लीच देणे. पूर्वी अनेक ॲप्स ओटीपीच्या निमित्ताने ही किल्ली मागत आणि लोक देतही. २०१९ च्या सुरुवातीपासून गूगलने आपल्या प्ले स्टोअरमधल्या ॲप्सवर याबाबत कडक निर्बंध आणले. तिथले साधे दुकानदारीचे किंवा खेळाचे ॲप आता सहसा ही किल्ली मागू शकत नाही. म्हणूनच भामट्यांनी दुसरी वाट शोधली. तिच्याकडे येण्यापूर्वी, पैसे देताना नेमके काय घडते ते पाहायला हवे.

चाळीस रुपयांची चिठ्ठी

३० डिसेंबर २०१६ रोजी दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भीम ॲपचे उद्घाटन केले. नोटाबंदीला तेव्हा नुकतेच पन्नास दिवस उलटले होते. भीम ज्या यूपीआय व्यवस्थेवर चालते ती मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुरू केली होती. आज भाजीवाल्याच्या गाडीवर लटकणारा चौकोनी ठिपक्यांचा कागद हा तिचाच पसारा.

समजा, सुनेने स्टेशनच्या दारात उभे राहून चाळीस रुपयांचे तिकीट मागितले. तिकिटाच्या ॲपला तिच्या खात्याबद्दल काहीही ठाऊक नसते. ते फक्त एक चिठ्ठी लिहिते, की अमुक खात्यावर चाळीस रुपये हवेत, संदर्भ क्रमांक अमुक. ती चिठ्ठी ते फोनच्या हवाली करते. फोन पाहतो की अशी चिठ्ठी घेणारी कोणकोणती ॲप्स या घरात आहेत, आणि त्यांची यादी समोर मांडतो. सून एकावर बोट ठेवते. ते ॲप उघडते, रक्कम दाखवते आणि पिन मागते.

इथे थोडे थांबण्यासारखे आहे. पैसे देण्याचे ॲप कुठल्याही कंपनीचे असो, पिनची खिडकी थेट सारखीच दिसते. कारण ती त्या कंपनीची नसतेच. ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सगळ्यांना दिलेली सामाईक खिडकी आहे. आपण टिपलेले आकडे तिथेच कुलूपबंद होतात आणि ॲपच्या हाती नुसते लाखबंद पाकीट पडते. ते पाकीट बँकेकडे जाते. म्हणजे सासूबाईंच्या प्रश्नाचा दुसरा भाग, की पिन तरी कुणी वाचतो का, त्याचे उत्तरही दिलासा देणारे आहे. ज्या ॲपमध्ये पिन टाकला, त्यालाही तो दिसत नाही.

पैसे गेले की होकार उलट वाटेने तिकिटाच्या ॲपकडे परत येतो. शहाणे ॲप त्या होकारावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, आपल्या मुख्य कार्यालयाकडून पैसे खरेच जमा झाले का याची खातरजमा करून मगच तिकीट देते. खात्यातून रक्कम वजा झाली पण तिकीट आले नाही असा अनुभव पुष्कळांना येतो, तो बहुधा या परतीच्या वाटेवरच निरोप अडकल्यामुळे. अशा वेळी घाईने पुन्हा पैसे भरू नयेत. व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवावा, थोडा वेळ वाट पाहावी.

झोपलेला निरोप्या

मागे चालणाऱ्या सेवा सतत जाग्या राहिल्या तर बॅटरी दुपारपर्यंतच मान टाकेल. म्हणून २०१५ पासून अँड्रॉइड, न वापरलेल्या ॲप्सना झोपवू लागले आणि २०१७ पासून मागे चालणाऱ्या सेवांवर आणखी बंधने आली. प्रत्येक ॲपने आपल्या कार्यालयाशी वेगळी तार जोडून ठेवण्याऐवजी सगळ्यांच्या सूचना एकाच सामाईक तारेवरून येतात, आणि ज्याची सूचना असेल त्याला तेवढ्यापुरते उठवले जाते. घरोघरी वेगळा टपालवाला न ठेवता गल्लीला एक ठेवावा, तसेच हे.

तरीही त्रास होतोच. गुरुग्रामच्या सोसायटीत गेटवर पाहुणे आले आहेत, रखवालदाराने ॲपवर विचारणा पाठवली आहे, आणि वर स्वयंपाकघरात फोन ढिम्म. काही फोन बनवणाऱ्या कंपन्या बॅटरी वाचवण्याच्या नादात या सूचनांनाही दाबून टाकतात. मे महिन्याच्या उन्हात नणंदबाई गेटवर वीस मिनिटे उभ्या राहिल्या की मग घरात जे बोलणे होते ते ॲपपेक्षा वहिनींनाच ऐकावे लागते. फोनच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेटच्या ॲपवरचे निर्बंध काढले की बहुतेक वेळा हे गाऱ्हाणे मिटते. औषधाची आठवण करून देणारे ॲप असेल तर हे जरूर करावे.

डावलून शिरणारे

आतापर्यंतची सारी व्यवस्था एका गृहीतावर उभी आहे. घरमालकाने आतून कडी काढली नाही तर बाहेरचा आत येत नाही. भामट्यांना हे प्रोग्रामरांइतकेच चांगले कळते. म्हणून ते कुलूप फोडायच्या फंदात पडत नाहीत. ते कडी काढायला लावतात.

व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. कधी वाहतुकीच्या दंडाची पावती, कधी गॅसच्या अनुदानाचा अर्ज, तर कधी लग्नपत्रिका. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके अशी तीन अक्षरे असतात. ही पत्रिका नव्हे, हे प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेले अख्खे ॲप आहे. उघडू लागताच फोन बजावतो की अनोळखी ठिकाणचे ॲप टाकायचे आहे, परवानगी देता का? लग्न कुणाचे या उत्सुकतेत बोट "हो" वर पडते. मग ते ॲप मेसेज वाचण्याची परवानगी मागते. तेही "हो". पुढे पडद्यावर काहीच घडत नाही. ॲपचे चिन्हही दिसेनासे होते, आणि माणसाला वाटते की फाइल खराब असावी.

मागे मात्र एक सेवा सुरू झालेली असते. येणारा प्रत्येक मेसेज ती गुपचूप दुसरीकडे पाठवत राहते. डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत एखाद्या खोट्या अर्जात आधीच भरून घेतलेली असेल, तर यूपीआयचा पिन नव्याने बनवायला आणखी फक्त ओटीपी लागतो. आणि तो तर त्यांच्याकडे आपोआप जातोच आहे. तळघरातल्या कार्यालयाचे रूप घेऊन चोराने तिथेच बिऱ्हाड थाटावे असा हा प्रकार.

हे नवे नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या दिल्लीतल्या सर्ट-इन या संस्थेने ड्रिनिक नावाच्या अशाच एका ॲपबद्दल देशाला सावध केले होते. प्राप्तिकराचा परतावा मिळेल असे सांगून ते फोनमध्ये शिरत असे, मेसेज आणि संपर्कांची परवानगी घेई आणि बँकेची माहिती भरायला लावी. सत्तावीसहून अधिक बँकांचे ग्राहक त्याच्या निशाण्यावर होते.

दुसरी चाल पडदा दाखवायला लावण्याची. "मॅडम, तुमचे केवायसी संपले, मी मदत करतो" असे गोड बोलून पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप टाकायला सांगितले जाते. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा एका ॲपचे नाव घेऊन बँकांना इशारा दिला होता. ते ॲप मुळात वाईट नाही, दूरच्या माणसाचा संगणक दुरुस्त करायला ते बनवले आहे. तीच गोष्ट अंध व्यक्तींना पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीची. तिला पडद्यावरचे सगळे दिसते, तिला बटणेही दाबता येतात, कारण त्याशिवाय अंध माणसाला फोन वापरताच येणार नाही. हीच ताकद चोराला हवी असते. २०२२ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १३ मध्ये, बाहेरून आलेल्या ॲपला ही परवानगी सहजासहजी देता येणार नाही अशी अडसर घातली गेली. पण अडसर काढायची रीतही भामटे फोनवर शिकवतात, अगदी "ताई, ताई" करत.

दिल्लीपासून गाडीने दीड-दोन तासांवर हरियाणाचा नूह जिल्हा आहे, तोही राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडतो. एप्रिल २०२३ मध्ये हरियाणा पोलिसांनी सुमारे पाच हजार पोलिसांनिशी तिथल्या चौदा गावांवर एकाच रात्री छापे घातले. फोनवरून फसवणूक करणाऱ्या टोळ्यांसाठी एवढी फौज लागावी, यावरून या धंद्याचा पसारा ध्यानात येईल.

इंटरकॉम कुणाच्या ताब्यात?

सेवा सामाईक असली तरी तिला मालक असतो, आणि मालक कोण हा प्रश्न दिल्लीकरांनी दोनदा जवळून पाहिला आहे.

पहिली वेळ करोनाची. २ एप्रिल २०२० रोजी आरोग्य सेतू आले. दिल्लीतल्या नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरने ते पुढे आणले. फोनमधले ब्लूटूथ सतत चालू ठेवून आजूबाजूचे फोन कोणते हे ते नोंदवत असे, शिवाय ठावठिकाणाही घेत असे. मे महिन्याच्या सुरुवातीला नोएडात पोलिसांनी, हे ॲप फोनमध्ये नसणे दंडनीय ठरेल असे जाहीर केले आणि दूध आणायला बाहेर पडणारी माणसे धास्तावली. त्याच सुमारास ॲपल आणि गूगल या दोन प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र येऊन दुसरा मार्ग काढला होता. फोनच्या प्रणालीतच एक सामाईक सेवा ठेवायची, तिने शेजारच्या फोनशी बिननावाचे आकडे बदलायचे, आणि कुठल्याही देशाच्या आरोग्य ॲपने फक्त तिच्याशी बोलायचे. ठावठिकाणा घ्यायचा नाही, जुळवाजुळव फोनमध्येच करायची. युरोपातल्या अनेक देशांनी हा मार्ग धरला, भारताने आपला वेगळा ठेवला. एका मार्गात माहिती सरकारकडे जाण्याची भीती, दुसऱ्यात दोन परदेशी कंपन्यांनी घातलेल्या अटी मान्य करणे. घरातल्या माणसाला यांपैकी कुठलीही निवड कुणी विचारली नव्हती, हे मात्र दोन्हीकडे सारखे.

दुसरी वेळ कोर्टकचेरीची. २० ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीतल्या भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या आदेशात असेही म्हटले होते की प्ले सर्व्हिसेसची दारे फोन बनवणाऱ्यांना आणि ॲप बनवणाऱ्यांना नाकारू नयेत. म्हणजे तळघरातल्या त्या कार्यालयाचा उंबरठा थेट आयोगापुढे आला. गूगलने दाद मागितली. २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण प्ले सर्व्हिसेसबाबतचा हा निर्देश आणि बाहेरून ॲप टाकण्यावरच्या निर्बंधांबाबतचा निर्देश यांच्यासह चार निर्देश रद्द केले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. यात गंमत अशी की बाहेरून ॲप टाकणे सोपे करा, हे छोट्या उद्योगांचे मागणे रास्त असते, आणि ते अवघड ठेवा, हे फसवल्या गेलेल्या घराचे मागणेही तितकेच रास्त असते.

पाच मिनिटांची झडती

कोर्टात काहीही ठरो, आपल्या फोनची झडती आपल्याला आजच घेता येते. सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या सदरात परवानग्यांची यादी असते. फोनच्या कंपनीप्रमाणे शब्द थोडे बदलतात. तिथे एसएमएस हा शब्द शोधावा आणि कोणकोणत्या ॲप्सकडे मेसेजच्या पेटीची किल्ली आहे ते पाहावे. मेसेजचे स्वतःचे ॲप, फोनचे ॲप, पैसे देणारे एखादे ॲप यांची नावे तिथे असणे समजण्यासारखे आहे, कारण यूपीआय सुरू करताना सिमकार्ड याच फोनमध्ये आहे हे पटवण्यासाठी एक मेसेज आपोआप जातो. बाकी नाव दिसले की विचारावे, याला कशाला? सुलभता या सदरातही असेच डोकावावे. पडदा वाचण्याची सोय घरात कुणी वापरत नसेल, तर ती यादी रिकामी असायला हवी.

फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा किंवा केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, आणि बँकेलाही त्याच वेळी कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात. मध्ये कुठे अडवता आले तरच ते परत मिळण्याची आशा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात, ग्राहकाने बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असे स्पष्ट केले होते. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणाऱ्यांचे म्हणूनच जास्त जाते. आणि लाज वाटते ती पुष्कळदा मुलांची, "आई, तू कशाला बोट लावलंस?" या एका वाक्याची. घरात हे वाक्य उच्चारले जाणार नाही अशी खात्री असेल, तर फोन अर्ध्या तासात लागतो.

दिल्ली हाटमध्ये खाण्याच्या टेबलाशी बसल्यावर मयूर विहारच्या त्या घरातल्या मुलाने आईच्या फोनची ही झडती घेतली. तिकिटाच्या ॲपचे नाव यादीत नव्हते. सासूबाईंनी समाधानाने मान हलवली. मग चश्मा सावरत त्यांनी स्वतःच यादीवर बोट फिरवले आणि तिसऱ्या नावाशी त्या थांबल्या.

"हे पंचांग," त्या म्हणाल्या. "दिवाळीत भाच्यानं व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. चतुर्थी कधी आहे ते सांगायला याला माझे मेसेज कशाला हवेत?"

सून आणि मुलगा एकमेकांकडे पाहू लागले. मुलाने ते काढून टाकले, बँकेच्या ॲपमधले गेल्या दोन महिन्यांचे व्यवहार एकेक करून तपासले आणि सगळे ठीक असल्याचे सांगितले. सासूबाईंनी फोन परत घेतला आणि पुण्याला भाच्याचा नंबर लावला.